प्रल्हाद कुमरेला पाठ असलेलं गाणं

प्रल्हाद कुमरेच्या गाडीत बसायचं म्हटलं की अमेरिकेतल्या पार्सिपनी गावची मराठी माणसं बहाणे शोधायची. गाडी वाईट चालवायचा म्हणून नव्हे हो, गाडी गोगलगायीच्या वेगानं चालवायचा. भीती गाण्यांची. बाकीच्यांच्या गाडीत जुनी भावगीतं वाजायची, फार तर पोरांचं इंग्रजी काहीबाही. ह्याच्या गाडीत ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं रॉक. इलेक्ट्रिक गिटार, धबाधबा ड्रम, मध्येच लाकडाच्या दोन काठ्या एकमेकींवर आपटल्याची टकटक, आणि वर एक घोगऱ्या गळ्याचा माणूस गाडीतल्या कुणालाही न कळणाऱ्या भाषेत जीव तोडून गातोय. प्रल्हाद स्टीअरिंगवर ताल धरून त्याच्याबरोबर गायचा. शब्द न शब्द.

“कुमरे, यार, एकदा तरी समजेल असं काहीतरी लावा ना,” मराठी मंडळाचा सेक्रेटरी सुशांत कळवळून म्हणायचा.

“अरे, समजायचं काय त्यात? तो म्हणतोय, हे शहर नको, ह्या भिंती नकोत, चल बुशमध्ये. तिकडे रानाला बुश म्हणतात. ऐक, आता ड्रम येईल बघ.”

ड्रम यायचा, आणि सुशांत खिडकीबाहेर बघत बसायचा.

मंडळात ह्याचं नावच पडलं होतं ‘बुशवाले कुमरे’. ग्रीन कार्ड आलं की मी हे सगळं सोडणार आणि रानात जाऊन राहणार, हे प्रत्येक गणपतीत मोदकाच्या ताटापाशी उभं राहून तो ऐकवायचा. ग्रीन कार्ड काही येत नव्हतं. रांगेत उभं राहून राहून केस पिकले, पोरगी कॉलेजला जायच्या वयाला आली, तरी साहेबांचं आपलं ‘आलंच आता’. तोवर बुशची हौस तो तंबूवर भागवायचा. गॅरेजमध्ये तंबू, कंदील, घडीच्या खुर्च्या, नाना तऱ्हेचे चाकू. उन्हाळ्यात बायको शोभना आणि मुलगी अबोली ह्यांना घेऊन डेलावेअर नदीकाठच्या रानात जायचा. आता तिथलं रान कसं, तर जागा आधी ऑनलाइन बुक करायची, गाडी नेमून दिलेल्या चौकोनात लावायची, आणि पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, सरपण फाटकावरून विकत घ्यायचं. “ह्याला जंगल म्हणतात का हो?” शोभना विचारायची. “आमच्या नागपूरच्या बगीच्यात ह्याहून मोकळीक होती.” तो हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला लागायचं. कारण खरं रान कसं असतं हे त्या तिघांत फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि तीच गोष्ट त्यानं कधी कुणाला धड सांगितली नव्हती.

प्रल्हाद यवतमाळ जिल्ह्यातला, पांढरकवड्याच्या पुढचा, टिपेश्वरच्या जंगलाला चिकटलेल्या एका गावचा. जातीनं प्रधान, म्हणजे गोंडांमधले गाणारे. बाप जगन्नाथ कुमरे तीन तारांची किंगरी वाजवायचा. गावचे पाटील गोंड, ते कुमऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान. पाटलांच्या घरी देव उठवायचा असो की माणूस गेलेला असो, जगन्नाथनं किंगरी घेऊन जायचं आणि त्या घराचं कूळ गाऊन सांगायचं. कोण कुठून आला, कुठली नदी ओलांडली, कोणाच्या पोटी कोण. ते गाऊन झाल्याशिवाय मेलेला माणूस आपल्या वाडवडिलांपर्यंत पोचत नाही, अशी त्या घरची श्रद्धा. आणि हे सगळं गोंडीत. कागदावर एक ओळ नाही. बापाच्या गळ्यातून पोराच्या गळ्यात, एवढाच त्याचा रस्ता.

पोराला मात्र बापानंच आश्रमशाळेत घातलं. “ह्याले मराठी शिकवा गुरुजी, आमच्यासारखा राहू नये,” म्हणाला. गुरुजींनी शिकवलं. पुढे नागपूरच्या होस्टेलवर पोरांनी ह्याच्या बोलण्याची अशी काही नक्कल केली की ह्यानं गोंडी जी गिळली ती गिळलीच. इंजिनिअर झाला, पुण्यात लागला, मराठी अशी घासूनपुसून बोलायला लागला की सदाशिव पेठेनं कान द्यावा. मंडळात पहिल्याच वर्षी कुणीतरी विचारलं, “कुमरे म्हणजे कोकणातले का?” हा म्हणाला, “छे, नागपूरचा.” खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. शोभनाला लग्नाआधी सगळं सांगितलेलं होतं, पण तिनं एकदा किंगरी बघायला मागितली तेव्हा विषय बदलला.

अमेरिकेत यायच्या आधी कंपनीनं त्याला वर्षभर ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला धाडलं होतं. तिथे एका मैदानावर फुकटचा जलसा होता, आणि तिथे ती माणसं स्टेजवर आली. काळी, रापलेली, टोप्या घातलेली, गळ्यात गिटारी. त्यांनी आपल्या भाषेत रॉक सुरू केलं आणि मैदानावरची हजारो गोरी माणसं नाचायला लागली. प्रल्हाद एका जागी खिळला. नक्कल नाही, हसणं नाही. आपली भाषा एवढ्या मोठ्यानं, स्पीकर फुटेस्तोवर, लाज न बाळगता! त्याला रडू आलं. कार्यक्रमानंतर तो धीर करून गायकाजवळ गेला. गायक म्हातारा होता, प्लास्टिकच्या पेल्यातून चहा पीत होता. प्रल्हाद म्हणाला, “तुमचं ते रानात पळून जायचं गाणं फार आवडलं.”

म्हातारा म्हणाला, “सगळ्यांना वाटतं आम्ही पळून जातोय. अरे, आम्ही घरी जातोय. आमच्या आजोबांनी सांगितलेलं पोरांनी विसरू नये म्हणून गिटार हातात घेतली.” मग त्यानं प्रल्हादकडे नीट निरखून पाहिलं. “तुझी माणसं कोण? तुझी भाषा कोणती?”

“मराठी,” प्रल्हाद म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि चहा संपवला. प्रल्हादनं सीडी विकत घेतली, फोटो काढला, आणि पुढच्या काही महिन्यांत ती सगळी गाणी ऐकून ऐकून पाठ करून टाकली. अर्थ सीडीच्या वेष्टनावर इंग्रजीत होता, तो एकदा वाचला. त्याच्या मनात राहिलं ते एवढंच, की सगळं सोडून रानात जायचं. म्हाताऱ्यानं जे सांगितलं ते कानावरून गेलं. माणसाला हवं तेच ऐकू येतं, दुसरं काय.

आणि मग गेल्या वर्षी जगन्नाथच्या गळ्यात गाठ निघाली. जन्मभर तोंडात तंबाखू, आणि जन्मभर गाणं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण आवाज जाईल. म्हाताऱ्यानं ऑपरेशन पुढे ढकललं. फोनवर म्हणाला, “तू ये बाप्पा. महिनाभर माह्याजवळ बस. पाटलाचं कूळ तुह्या गळ्यात टाकतो, मंग कापू दे त्यायले काय कापाचं ते.”

प्रल्हादला जायचं होतं. खरंच जायचं होतं, ह्यात त्याच्यावर बोल ठेवता येत नाही. पण पासपोर्टवर नवा व्हिसा उमटल्याशिवाय परत अमेरिकेत शिरता येत नाही, आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतली त्याची व्हिसाची तारीख एकदा पुढे गेली, मग पुन्हा गेली. ऑफिसातला एकजण असाच आईला बघायला म्हणून गेला आणि पुण्यात अडकून पडला, इकडे नोकरीही गेली. अबोलीचं कॉलेज तोंडावर. प्रल्हाद रात्ररात्र तळमळायचा आणि सकाळी लॅपटॉप उघडायचा.

शेवटी त्याच्यातल्या इंजिनिअरनं तोड काढली. आयटीत एखादा माणूस काम सोडून जायला निघाला की त्याच्या डोक्यातलं सगळं दुसऱ्याच्या डोक्यात ओतून घेतात. मीटिंगा लावतात, सगळं रेकॉर्ड करतात. त्याला ते केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. प्रल्हादनं आजवर अशा खंडीभर केट्या घेतल्या होत्या. आता त्यानं बापाची केटी लावली. दर शनिवारी इकडची सकाळ, तिकडची संध्याकाळ. पाटलांचा मुलगा प्रताप फोन घेऊन यायचा आणि म्हाताऱ्यासमोर तांब्याला टेकवून ठेवायचा.

पहिल्या दिवशी जगन्नाथ फोनकडे नुसता बघत राहिला. “असं रिकामं नसते गात,” तो म्हणाला. “कोणी मेलं, देव उठला, तवा गाते. समोर माणूस पायजे. तो हुंकार भरते तवा मले पुढचं येते.”

“मी आहे ना बाबा समोर.”

“तू कुठी हायेस? तू त काचीत हायेस.”

पण पोराच्या हट्टापुढे म्हातारा वाकला. देवाची मनातल्या मनात माफी मागितली असेल त्यानं. किंगरी उचलली आणि फाटक्या, खरवडलेल्या आवाजात सुरुवात केली. प्रल्हादनं रेकॉर्ड केलं, आणि ऑफिसला जाता येता तेच लावायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गाडीतलं ऑस्ट्रेलिया बंद झालं. त्याचा कान तयार होता, ब्रिस्बेनच्या गाण्यांनी केलेला. बघता बघता बराच भाग पाठ झाला. एका शनिवारी त्यानं म्हणून दाखवला. बापाचे डोळे भरून आले. प्रतापही म्हणाला, “दादा, अगदी जगनकाकासारखं!”

जगन्नाथनं उपरण्यानं डोळे पुसले. “बराबर म्हणलंस. आता सांग, काय म्हणलं?”

प्रल्हादकडे गोंडीतलं उरलं होतं ते येर आणि गाटो, पाणी आणि जेवण. एवढ्यावर कुठे कूळ सांगता येतं?

“बाबा, अर्थ नंतर बघू. आधी पूर्ण पाठ होऊ द्या. तुमचा आवाज आहे तोवर आवाज घेऊन ठेवू.”

“अर्थ नाई समजला त पुढे कसा जाशीन? हे गाणं दर बारीले येगळं असते ना बाप्पा. मेलेला माणूस येगळा. त्याचं घर इचारते, तू सांगतं. ते पाठ करून नाई होत.”

“होईल हो. मधल्या रिकाम्या जागा आपण नंतर भरू.”

इथे चुकलं. इतकी वर्षं त्यानं हेच तर केलं होतं, आधी माल पोचता करायचा, समजून घेणं पुढच्या खेपेला. म्हाताऱ्याला वाद घालायचं बळ नव्हतं. तो पुढे गायला लागला.

अर्थासाठी वेगळे शनिवार ठरले. पहिल्याला ऑफिसचं नवं सॉफ्टवेअर चालू व्हायचं होतं, म्हणून प्रल्हादनं केटी कॅन्सल केली. दुसऱ्याला ते सॉफ्टवेअर कोसळलं. “बाबा, पुढच्या शनिवारी नक्की,” तो म्हणाला. पुढच्या शनिवारच्या आतच जगन्नाथला श्वास घेता येईना. प्रतापनं त्याला जीपमध्ये घालून नागपूरला नेलं, आणि डॉक्टरांनी कुणालाही न विचारता जे करायचं ते केलं. शुद्धीवर आल्यावर म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. व्हिडिओवर प्रल्हादनं ते पाहिलं. गळ्याला भोक, त्यावर पट्टी, आणि बाप हातानं सांगतोय की ठीक आहे, ठीक आहे.

प्रल्हाद बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. शोभना दाराबाहेर उभी होती.

मग वसंत आला. शोभनाच म्हणाली, “अहो, जा तुम्ही दोन दिवस तुमच्या त्या बुशमध्ये. अबोलीला घेऊन जा. घरात बसून भिंतींकडे बघताय नुसते.” तो गेला. शनिवारी सकाळी अबोली तंबूबाहेर कॉफी करत होती, झाडांना कोवळी पालवी होती, आणि प्रल्हादला कितीतरी दिवसांनी जरा मोकळं वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला. तिथे रेंज यायची नाही धड, पण हा लागला.

प्रताप होता. त्याचे वडील, म्हातारे पाटील, पहाटे गेले. माती झाली होती. घरी सगळी भाऊबंदकी जमली होती. “दादा,” प्रताप म्हणाला, “जगनकाका किंगरी घेऊन आलेत. आवाज तर नाही. पण तुम्हाला पाठ आहे ना? ते खुणेनं तेच सांगून राहिले. तुम्ही म्हणा, ते वाजवतील. आमचा माणूस असा अडकून नाही राहिला पाहिजे.”

चढावर, गाड्या लावायच्या जागेपाशी रेंज बरी होती, तिथे प्रल्हाद पळत गेला. अबोली मागोमाग धावली आणि त्याच्यासमोर फोन धरून उभी राहिली. पडद्यावर पाटलांचं अंगण, कंदिलाचा उजेड, दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि मधोमध त्याचा बाप, गळ्याला फडकं गुंडाळलेला. बापानं पोराकडे पाहिलं आणि किंगरीवर गज ठेवला.

प्रल्हाद गायला. खरं सांगायचं तर असा तो जन्मात गायला नव्हता. अमेरिकेतल्या त्या रानात त्याच्या खापरपणज्यांचा सूर उठला, आणि बाजूच्या तंबूतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. तिकडे अंगणात बायका हुंदके द्यायला लागल्या. बाप डोळे मिटून वाजवत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. प्रल्हादच्या मनात आलं, जमलं, जमलं आपल्याला. आपण घरी पोचलो.

एका ठिकाणी गाणं थांबायचं. रेकॉर्डिंगमध्ये तिथे बापाचा थोडा खोकला होता आणि मग पुढची ओळ होती. प्रल्हाद थांबला. अंगणात म्हाताऱ्या पाटलांची बायको, सुमित्राबाई, पदर सावरून पुढे सरकली. फोनसमोर बसून तिनं त्याला गोंडीत काहीतरी विचारलं.

सगळं अंगण त्याच्याकडे बघायला लागलं.

तिनं पुन्हा विचारलं, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. प्रल्हादला त्यातला एकच शब्द कळला. येर. पाणी. तिचा नवरा तहानलेला गेला का, की नदी ओलांडली का असं ती विचारत होती, की वाटेत पाणी आहे ना असं? तिला काय हवं होतं? उत्तर म्हणून नुसतं एक वाक्य लागत होतं, आणि ते जगात दोनच माणसांनी देण्यासारखं होतं. एकाला आवाज नव्हता आणि दुसऱ्याला भाषा.

बाप तेच वळण पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. गायकाला सुचेपर्यंत प्रधान असंच वाजवतात, त्याला वेळ देतात. तो वाजवत होता आणि तोंड उघडून, गळ्याच्या शिरा ताणून प्रल्हादला सांगू बघत होता. तोंडातून हवा येत होती. प्रल्हाद घाबरून पाठ असलेली पुढची ओळ गायला. तशी सुमित्राबाईनं चमकून प्रतापकडे पाहिलं, आणि अंगणात कुजबुज सुरू झाली. ती ओळ दुसऱ्याच कुणाची होती. रेकॉर्डिंगसाठी म्हणून बापानं पाटलांच्या आजाचं नाव घेतलं होतं, तो मरून किती काळ लोटला होता.

“बाबा, थांबवा,” प्रल्हाद मराठीत म्हणाला. “बाबा, मला नाही येत हो. मला नाही येत.”

किंगरी थांबली. प्रतापनं फोन उचलून तोंडाजवळ घेतला. “राहू द्या दादा,” तो म्हणाला. पोरगा भला होता, आवाज चढवला नाही. “तुम्ही दूर आहात. कोणी काही म्हणत नाही.” त्यानं फोन ओसरीवर नेऊन ठेवला, पण कट करायला विसरला. प्रल्हादला छप्पर दिसत राहिलं. थोड्या वेळानं कुणीतरी मोबाइलवर हिंदी भजन लावलं. पुरुषांच्या बोलण्याचा आवाज वाढला, भांडी वाजली. बाप दिसला नाही.

“बाबा, व्हॉट डिड शी आस्क?” अबोलीनं हळूच विचारलं.

“पाण्याचं काहीतरी.”

“पाण्याचं काय?”

“माहीत नाही गं.”

तंबू त्यांनी दुपारच्या आतच उतरवला. गाडी अबोलीनं चालवायला घेतली. प्रल्हाद शेजारी बसला, हात मांडीवर, नजर रस्त्यावर. दोन्ही बाजूंना रान होतं, आणि पुढे पार्सिपनीच्या पाट्या लागायला लागल्या. तेही तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं नाव, म्हणतात. नावाचा अर्थ काय, हे तिथे राहणाऱ्या कुणाला ठाऊक नाही, आणि कधी कुणी विचारतही नाही.

बापाला कसं रमवावं हे पोरीला सुचेना. तिनं त्याचा फोन गाडीला जोडला आणि त्याचं आवडतं गाणं लावलं, लाकडी काठ्यांचं, गिटारचं, घरी चाललेल्या माणसांचं. प्रल्हादनं ते बंद कर म्हटलं नाही. काठ्या वाजल्या, ड्रम आला, घोगरा म्हातारा आपल्या भाषेत गायला लागला, आणि प्रल्हादचे ओठ आपोआप हलायला लागले. घर येईपर्यंत तो गात होता, आणि त्यातला एकही शब्द चुकला नाही.